तर्रीचा वरचा मजला

हॉटेलच्या भटारखान्यात भट्टीच्या डोक्यावर पत्र्याचे एक मोठे झाकण उलटे टांगलेले असते, त्याला हूड म्हणतात. हूडच्या आत तिरक्या बसवलेल्या जाळ्या म्हणजे फिल्टर. फिल्टरच्या मागून पत्र्याचे जे चौकोनी भुयार निघते आणि भिंतीतून, माळ्यावरून, फॉल्स सीलिंगच्या आडून वाट काढत शेवटी गच्चीवर किंवा शेजाऱ्याच्या वाळवणावर उघडते, त्याचे नाव डक्ट. भुयाराच्या टोकाशी पंखा असतो. या चौघांनी मिळून भट्टीवरची वाफ, धूर, ठसका आणि तेल बाहेर नेऊन टाकावे अशी अपेक्षा असते. पहिल्या तीन गोष्टी बाहेर जातात. चौथी वाटेतच मुक्काम करते, आणि पुढचे सगळे विवेचन या चौथीविषयी आहे.

यवतमाळ जिल्ह्यात डक्ट हा तसा अलीकडचा पाहुणा. जुन्या खानावळीला त्याची गरज नव्हती. वर टिनाचे छप्पर, टिन आणि भिंत यांच्यात वीतभर फट, आणि धूर त्या फटीतून त्याच्या मर्जीने निघून जाई. आढ्याला काजळी धरे, जळमटे काळी पडत, वाढपी डोळे पुसत वाढी. पण तेल एका जागी साठून राहील असे बंदिस्त भुयार तिथे नव्हते. पांढरकवड्याजवळ नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे साधे धाबे आजही याच न्यायाने चालतात. मग 'एसी फॅमिली रेस्टॉरंट' आले. फॅमिलीला गारवा हवा, गारव्याला बंद दार हवे, बंद दाराच्या शोभेला फॉल्स सीलिंग हवे, आणि इतके सगळे झाल्यावर फोडणीचा ठसका फॅमिलीपर्यंत पोहोचू नये म्हणून डक्ट हवा. तो बनवतो कोण, हे सांगण्यासारखे आहे. उन्हाळ्यात इथला पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे पत्र्याचे कूलर बनवणारे मिस्त्री या जिल्ह्याला कधी कमी पडले नाहीत. हॉटेलचा डक्टही बहुधा त्यांच्याच हातचा असतो: तोच पातळ जीआय पत्रा, तेच रिबीट, तोच हात. फरक एवढाच, की कूलरची बाजू काढून आत हात घालता येतो. डक्टला तशी सोय ठेवायची असते हे मिस्त्रीला कुणी सांगितलेले नसते, आणि मालकाला ते ऐकायचे नसते, कारण प्रत्येक दाराचे पैसे वेगळे.

अमेरिकेत एनएफपीए ९६ नावाचे एक मानक आहे आणि स्वयंपाकघराच्या धुराबद्दल जगभरात त्याचा हवाला दिला जातो. त्याच्या हिशेबाने डक्टचा पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पोलादी असावा आणि सांधे वेल्डिंगने असे बंद करावेत, की तेलाचा थेंब झिरपू नये. आडव्या डक्टला उतार हवा. प्रत्येक वळणाशी आणि सरळ पट्ट्यात दर बारा फुटांवर सफाईसाठी दार हवे. हे वाचून दाखवले तर कोणताही मिस्त्री शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "मंग हे पाह्यते कोण?" प्रश्न वावगा नाही.

आता तेल वर कसे चढते ते. कढईत भजी सोडल्यावर तेल उकळते असे सर्वांनाच वाटते. ते खरे नाही. तळणाचे तेल १७०–१८० अंशांवर असते, आणि त्या तापमानाला तेलाला उकळायचे काही कारण नसते. जे खदखदते ते भज्यांच्या पिठातले पाणी. त्याची वाफ तेल फोडून बाहेर उसळते आणि येताना तेलाचे अतिसूक्ष्म कण सोबत घेते. हे कण इतके हलके असतात, की गरम हवेबरोबर सरळ वर जातात. फिल्टरच्या जाळीत हवेला वळणे घ्यावी लागतात, जड कणांना ते जमत नाही, ते जाळीला चिकटून खालच्या पन्हळीत ओघळतात. लहान कण मात्र जाळीतून सहीसलामत सुटतात, डक्टमध्ये शिरतात, थंड पत्रा लागला की तिथे बसतात. हिवाळ्यात पत्रा जास्त थंड, म्हणून साठवण जास्त. मे महिन्यात हेच तेल पातळ होऊन सांध्यांतून गळते, आणि भिंतीवर काळपट पिवळा ओघळ उमटतो. त्याला मालक 'ओल' म्हणतो. मे महिन्यात, यवतमाळात, ओल.

फिल्टरबद्दल आणखी एक. जाळी तुंबली की धूर परत फिरतो आणि आचाऱ्याच्या डोळ्यांत जातो. यावर जाळी धुणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय जाळी काढून ठेवणे हा आहे, आणि तो लवकर होतो. अशा काढलेल्या जाळ्या भटारखान्याच्या दारामागे उभ्या असतात, नाहीतर त्यांवर कपबशा निथळत ठेवलेल्या असतात. जाळी नसली की धूर खरोखरच भराभर जातो. तेलही जाते. आचारी खूश होतो आणि डक्टची पोटभर सोय होते.

डक्टच्या वाट्याला काय येते हे त्या गावच्या खाण्यावर अवलंबून असते, आणि याबाबतीत जिल्हा उदार आहे. सकाळी पोहे आणि त्यावर तर्री, आलूबोंडा, समोसा, मुंगवडा, दुपारी ताट, रात्री मटणाचा झणझणीत रस्सा, आणि हल्ली कोणत्याही वेळी चायनीज. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारे लालभडक तेल, हे विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगितले पाहिजे. ती दिसली नाही तर गिऱ्हाईक पोह्यांकडे संशयाने बघते. या तर्रीचा एक थर ताटलीत येतो आणि दुसरा वर जातो. खालच्या थराची गिऱ्हाईक "अजून टाक ना भाऊ" म्हणून मागणी करते. वरचा न मागता वाढत राहतो. चायनीजच्या गाड्यावरचा वस्ताद तर कढई झटकून हातभर ज्वाळा उठवतो, कारण समोर उभ्या पोरांना ती बघायची असते. गाडा उघड्यावर असेपर्यंत हा निव्वळ करमणुकीचा भाग. तोच वस्ताद पगार वाढवून हॉटेलात आणला आणि हूडखाली उभा केला, की करमणूक फिल्टरपर्यंत पोहोचते.

वर बसलेले तेल तेलच राहत नाही. यवतमाळ हा कापसाइतकाच सोयाबीनचाही जिल्हा, आणि भटारखान्यातल्या पिंपात बहुधा सोयाबीनचेच तेल असते. हे तेल रसायनशास्त्राच्या भाषेत अर्धे सुकणारे. पातळ थरात, उबेत आणि हवेत राहिले की ते हळूहळू घट्ट होते, चिकट होते आणि शेवटी राळेसारखे कडक होते. जवसाच्या तेलाचा रंगकामात जो उपयोग होतो तो याच गुणामुळे. म्हणजे महिन्याभरात पुसून निघाले असते ते वर्षाभराने खरवडावे लागते आणि तीन वर्षांनी ठोकून काढावे लागते. त्यातच पिठाची धूळ, कोळशाची काजळी, आणि जिनिंगजवळचे हॉटेल असेल तर हंगामात उडणारी कापसाची तूस येऊन बसते. असा हा मिश्र थर दोन मिलिमीटरपर्यंत आला की सफाई करावीच असे मानक सांगते. दोन मिलिमीटर मोजायला एक छोटी दातेरी पट्टी मिळते. जिथे थरात स्क्रू ड्रायव्हर रुतून उभा राहतो, तिथे पट्टीची गरज पडत नाही.

हा थर आपण होऊन पेटत नाही, त्याला निमंत्रण लागते. कढई विसरून भट्टी चालू राहिली, तर तेल आधी धुमसते आणि साडेतीनशे–चारशे अंशांकडे गेले की काडी न लावताही पेट घेते. ज्वाळा हूडमध्ये शिरते. कोळशाची भट्टी किंवा तंदूर असेल तर एवढ्याचीही गरज नाही, एक उडती ठिणगी पुरते. आणि वणीकडे, जिथे खाणीच जवळ आहेत, तिथे कोळशाच्या भट्टीचे कुणाला अप्रूप नाही. आग फिल्टर ओलांडून गेली की पंखा, जो धूर ओढण्यासाठी बसवलेला असतो, तो भात्याचे काम करू लागतो. उभ्या डक्टमध्ये गरम हवा तशीही वरच धावते. आतले तापमान हजार अंशांपर्यंत जाऊ शकते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी ६६० अंशांना वितळते. जीआय पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा त्याच्याही आधी, ४२० अंशांच्या आसपास सुटतो. मग पत्रा लाल होतो, आणि पत्र्याला टेकून जे काही असेल ते पेटते. टेकून काय असते? फॉल्स सीलिंगची लाकडी चौकट, वायरींची जुडी, मागच्या दिवाळीची माळ, उद्घाटनाचा गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स. जुन्या वाड्यात थाटलेले हॉटेल असेल तर सागवानी फळ्यांचा माळा. या जिल्ह्याचे सागवान नावाजलेले आहे आणि ते जळतेही नावाला साजेसे.

आगीविषयी इथल्या माणसांना काही कळत नाही, असे मात्र कुणी समजू नये. आगीशी या जिल्ह्याची जुनी ओळख आहे, ती कापसामुळे. जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर बिडी आणि काडीपेटी खिशातून बाहेर निघते. 'धूम्रपान सक्त मनाई' ही पाटी तिथे खरोखर पाळली जाते, आणि महाराष्ट्रात अशा पाट्या फारशा नाहीत. गंजीजवळ पाण्याचे ड्रम आणि रेतीच्या बादल्या असतात. कापसात आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला, तर ठिणगी पडते, हे तिथल्या हमालालाही ठाऊक असते. आणि ती ठिणगी दाबलेल्या गाठीच्या पोटात राहिली तर गाठ बाहेरून पांढरीशुभ्र दिसत आतून दिवसचे दिवस धुमसते, हेही ठाऊक असते. दिवसभर असा डोळ्यांत तेल घालून कापूस सांभाळणारा व्यापारी संध्याकाळी चार पाहुणे घेऊन दारव्हा रोडला किंवा आर्णी रोडला जेवायला जातो. तिथे एसीच्या झोताखाली बसतो. त्याच्या डोक्यावर, फॉल्स सीलिंगच्या पलीकडे, काही वर्षांचे तेल आणि बहुधा त्याच्याच जिनिंगची तूस असते. तो रस्सा तिखट करायला सांगतो.

मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले. "साफ कराले काय झालं? धूर तर जाते ना बाप्पा." धूर जातो हे खरे आहे, आणि डक्ट अर्धा भरला तरी काही काळ तो जातच राहतो. दुसरे उत्तर: "इतके वर्स झाले, काही झालं नाही." या विधानात चूक काढता येत नाही, ते शेवटच्या दिवसापर्यंत खरे असते. तिसरे उत्तर पंख्याविषयीचे आहे. पंख्याच्या पात्यांवर तेल चढले की तोल जातो आणि पंखा घरघरतो, बेल्ट ताणला जातो, बेअरिंग बसते. ही घरघर मालक कौतुकाने ऐकवतो. मोठा आवाज म्हणजे मोठे काम, असा त्याचा हिशेब असतो.

यात स्वच्छतेचा तिटकारा नाही. यवतमाळचा नवरात्रोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत रात्र रात्र गर्दी रस्त्यावर असते आणि हॉटेलांचा धंदा जोरात असतो. घट बसायच्या आधी घरोघरी माळ्यावरच्या पितळी डब्यांपासून दाराच्या कड्यांपर्यंत सगळे घासूनपुसून निघते. हॉटेलवालाही मागे राहत नाही. पाटी नव्याने रंगवली जाते, काउंटरवर काच बसते, देवाच्या फोटोला लाइटिंग होते. दसऱ्याला भट्टी, मिक्सर आणि वजनकाट्याबरोबर लाल रंगाच्या अग्निशामक सिलिंडरलाही हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. आणि माळ घसरू नये म्हणून तिचा दोरा नेमका त्याच पिनला गुंडाळला जातो, जी आग लागल्यावर उपटायची असते. डक्टला हळदकुंकू मिळत नाही, कारण तिथे हात पोहोचत नाही. जिथे देवपूजेचाही हात पोहोचत नाही तिथे खराटा पोहोचावा ही अपेक्षा जरा जास्तच.

मुंबईत १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका दुकानाला आग लागून १२ कामगार गेले. अकरा दिवसांनी कमला मिलच्या आवारातल्या रेस्टॉरंटांच्या आगीत १४ जण गेले. या दोन्ही आगी डक्टमुळे लागल्या असे नाही. पण त्यानंतर मुंबईत हॉटेलांवर तपासण्या झाल्या, बेकायदा बांधकामांवर हातोडे पडले, आणि राज्यभर आठवडाभर सगळे आगीवर बोलले. आठवड्यानंतर ती मुंबईची गोष्ट झाली.

सफाई कशी करतात, ते आता. ती रात्री, शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर करायची. भट्टी थंड, गॅस सिलिंडरवरून बंद, पंख्याची वीज मेन स्विचवरून बंद. आत माणसाचा हात असताना बाहेरच्या पोऱ्याने सवयीने बटण दाबल्याने जे होते ते सांगायला नको. भट्टीवर, ओट्यावर प्लास्टिक अंथरायचे. जाळ्या काढून गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून बुडवायच्या. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही, नाहीतर ते उकळून अंगावर येते. दुसरे, जाळी स्टीलची असावी. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक तिला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो स्वतःच भडक्याने पेटतो. एखादा कामसू पोऱ्या रात्री अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्या कॉस्टिकच्या पिंपात टाकून झोपतो आणि सकाळी त्याला तेल, मळ आणि जाळी हे तिन्ही निघून गेलेले दिसतात.

डक्टमध्ये खरवडायच्या पट्टीने काम सुरू होते. थर सुटतो तो पापुद्र्यांनी, मग ढेकळांनी. पहिल्यांदाच होणाऱ्या सफाईत बादल्या भरतात. खरवडल्यावर सफाईचे रसायन, मग गरम पाणी किंवा वाफ, मग पुसणे. आणि हे सगळे पत्र्याचा मूळ रंग दिसेपर्यंत. पत्रा चकाकला पाहिजे, 'बराचसा निघाला' हे चालत नाही. पंख्याची पाती, त्याचे घर आणि गच्चीवरचे तोंड हेही यातच येते, कारण तेल शेवटपर्यंत गेलेले असते. निघालेला गाळ नालीत सोडायचा नाही. नगर परिषदेची नाली आधीच तुंबलेली असते आणि तिला तर्रीची गरज नसते.

या कामाच्या काही झटपट पद्धतीही प्रचलित आहेत. एकीत रॉकेल किंवा थिनरने पुसतात. म्हणजे जे पेटू नये म्हणून काढायचे, ते त्याहून लवकर पेटणाऱ्या पदार्थाने काढतात. दुसरीत हूडपासून दिसेल तेवढाच हातभर भाग चकचकीत करून फोटो काढतात. तिसरीत एखाद्या बारीक पोराला आत सरकवतात. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कूलरचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आत रसायनाची वाफ कोंडते, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला हॉटेल-धाब्यावर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई आहे. इंग्लंडमध्ये धुराड्यात पोरे चढवण्याची पद्धत १८७५ च्या कायद्याने मोडली. हे काम बाहेरून, दारांतून, लांब दांड्याच्या ब्रशने करायचे, आणि दारे नसतील तर आधी ती करून घ्यायची. कूलरवाला मिस्त्री ती एका दुपारी करून देतो.

किती दिवसांनी? कोळसा, लाकूड किंवा पऱ्हाटी (कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या) जाळणाऱ्या भट्टीवरचा डक्ट दर महिन्याला तपासावा. दिवसरात्र तळण चालणाऱ्या हॉटेलचा दर तीन महिन्यांनी, मध्यम धंद्याचा सहा महिन्यांनी, आणि वर्षातून थोडेच दिवस चूल पेटणाऱ्या ठिकाणचा, म्हणजे मंगल कार्यालयासारख्या जागेचा, वर्षातून एकदा. जाळ्या मात्र रोज नाहीतर दिवसाआड धुवाव्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीपासून बचावाची साधने चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक एजन्सीचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. त्या दोन महिन्यांना डक्टची सफाई जोडून टाकली की वेगळे पंचांग पाहावे लागत नाही. एजन्सीचा माणूस सिलिंडर पाहायला येईल तेव्हा त्याला शिडी द्यावी आणि वर बोट दाखवावे.

इतके करूनही कढई पेटलीच, तर पाणी मारू नये. एक लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ होते, आणि ती पेटते तेल घेऊन छतापर्यंत उसळते. गॅस बंद करावा, कढईवर झाकण सरकवावे आणि ते लगेच उचलून पाहू नये. हूडमध्ये आपोआप आग विझवणारी यंत्रणा नसेल तर पंखाही बंद करावा. साध्या पावडरने ज्वाळा विझतात, पण तेल थंड होत नाही आणि पुन्हा पेटते. तेलाच्या आगीसाठी ओल्या रसायनाचा वेगळा सिलिंडर मिळतो, तो आणावा. आग डक्टमध्ये शिरली असेल तर शौर्य दाखवू नये, सगळ्यांना बाहेर काढून १०१ लावावा.

गिऱ्हाइकाला यातले काही करता येत नाही, पण विचारता येते. पुसद असो, वणी असो की उमरखेड, बिल देताना मालकाला एवढेच विचारावे, की डक्ट शेवटचा कधी धुतला. महिना सांगितला तर पुन्हा यावे. "कोणता डक्ट?" असे उत्तर आले तरी यावे, तर्री चांगली असेल तर माणूस येणारच; फक्त पुढच्या वेळी दाराजवळचे टेबल धरावे.